नवाब सालारजंग तिसरे : शस्त्रे जपणारा माणूस

अंबड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नाशिकचे अंबड उभे राहते. कारखान्यांचे भोंगे, लेथ यंत्रांची घरघर, पाळी सुटल्यावर सायकलींची आणि मोटारसायकलींची गर्दी. परंतु महाराष्ट्रात याच नावाचे दुसरेही एक गाव आहे. ते जालना जिल्ह्यात असून १९४८ सालापर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. आपले अंबड मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात मोडत असे. १८७८ साली इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा केला, तेव्हापासून इकडच्या अंबडात साधी ठासणीची बंदूक बाळगावयाची झाली तरी परवाना लागू लागला. तिकडच्या अंबडात मात्र निजाम सरकारचे हुकूम चालत. नाव एक, पण राज्ये दोन आणि कायदेही दोन.

त्या दुसऱ्या राज्याच्या राजधानीत एक नवाब होऊन गेले. राज्याचे दिवाणपद त्यांच्याकडे चालून आले होते. ते त्यांनी ऐन पंचविशीत सोडले आणि उरलेले आयुष्य जुन्या वस्तू गोळा करण्यात वेचले. त्या वस्तूंत तलवारी, खंजीर, ढाली व चिलखते होती, तशाच जुन्या बंदुका आणि पिस्तुलेही होती. या नवाबांचे नाव मीर युसूफ अली खान, सालारजंग तिसरे. हैदराबादचे सालारजंग वस्तुसंग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. घंटा वाजवणाऱ्या बाहुल्याचे ते प्रसिद्ध घड्याळ पाहण्यासाठी तेथे गर्दी लोटते. घड्याळ सर्वांना आठवते, पण ज्याने ते जपले तो माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो. त्याची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना व्हावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

पुण्यातला जन्म

हैदराबादच्या या नवाबांचा जन्म १३ जून १८८९ रोजी आपल्या पुणे शहरात झाला. त्यांचे वडील मीर लायक अली खान, म्हणजेच सालारजंग दुसरे. १८८४ ते १८८७ या काळात ते हैदराबाद राज्याचे दिवाण होते. मुलगा जेमतेम तीन आठवड्यांचा झाला असेल नसेल, तोच ७ जुलै १८८९ रोजी वडिलांचे निधन झाले. वडिलांचा चेहरा आठवण्याचाही प्रश्न नव्हता. एवढ्या मोठ्या घराण्यात उरलेला तो एकुलता एक वारस होता.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी या पोरक्या मुलाच्या पालनपोषणाकडे लक्ष दिले. मूल सज्ञान होईपर्यंत जहागिरीचा कारभार सरकारी देखरेखीखाली चालला. जहागीर लहानसहान नव्हती. तीत शेकडो गावे होती आणि अजिंठा हे आपल्या मराठी मुलखातील गावही तीत मोडत असे. शिक्षण हैदराबादच्या मदरसा-ए-आलिया या शाळेत झाले. ही शाळा त्यांच्या आजोबांच्याच कारकिर्दीत निघालेली होती. फारसी आणि उर्दू ही घरची विद्या, इंग्रजी ही शाळेची. पुढे देशोदेशीच्या व्यापाऱ्यांशी व्यवहार करताना या तिन्ही भाषा त्यांच्या उपयोगी पडल्या.

आजोबांवर झाडलेल्या गोळ्या

नातवाची आवड समजून घ्यावयाची तर आजोबांची माहिती हवी. मीर तुराब अली खान, सालारजंग पहिले, हे १८५३ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी हैदराबादचे दिवाण झाले आणि १८८३ साली पटकीने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, त्या पदावर राहिले. त्यांनी राज्याची जिल्ह्यांत विभागणी केली, महसुलाची घडी बसवली, शाळा काढल्या आणि रेल्वे आणली.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अवघड प्रसंग १८५७ सालचा. त्या वर्षी १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला झाला. दिवाणांनी इंग्रजांची बाजू घेतली. तुर्रेबाज खान पुढे मारले गेले आणि मौलवी अलाउद्दीन यांना अंदमानात पाठवण्यात आले. सालारजंगांच्या या निर्णयाबद्दल त्या काळीही लोकांत तीव्र नाराजी होती आणि आजही त्याविषयी दोन मते आहेत. थोर माणसाचे चरित्र सांगताना अशी गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही.

या नाराजीचा दाह दिवाणांना स्वतःला सोसावा लागला. १८५९ साली दरबारातून बाहेर पडत असताना इंग्रज रेसिडेंट आणि ते बरोबर चालले होते, तेव्हा त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. ती चुकली. १८६८ साली दरबाराला जात असताना पुन्हा त्यांच्यावर गोळीबार झाला आणि ते थोडक्यात वाचले. ज्या घराने बंदुकीची नळी अशी दोनदा आपल्यावर रोखलेली पाहिली, त्याच घरातला नातू पुढे बंदुका गोळा करून जपून ठेवू लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

संग्रहाची आवडही आजोबांपासूनच चालत आली होती. १८७६ साली सालारजंग पहिले युरोपच्या प्रवासाला गेले असताना त्यांनी रोम येथे बेन्झोनी या शिल्पकाराने घडवलेला रेबेकाचा संगमरवरी पुतळा विकत घेतला. चेहऱ्यावरचा झिरझिरीत बुरखा दगडातून कोरलेला आहे, यावर पाहणाऱ्याचा चटकन विश्वास बसत नाही. ग्रंथ, चिनी भांडी, शस्त्रे असे बरेच काही त्या काळीच देवडीत जमले होते. नातवाच्या वाट्याला ते वारशाने आले.

दिवाणगिरी आणि राजीनामा

१९११ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आले. पुढच्याच वर्षी, १९१२ साली, त्यांनी तेवीस वर्षांच्या युसूफ अली खानांना दिवाण नेमले. महाराजा किशन प्रसाद यांच्यानंतर हे पद त्यांच्याकडे आले. आजोबा दिवाण, वडील दिवाण आणि आता नातूही दिवाण. घराण्याची परंपरा पुरी झाली असे सर्वांना वाटले असणार.

परंतु १९१४ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. पुढे काही वर्षे निजामांनी दिवाण न नेमता स्वतःच कारभार पाहिला. पंचवीस वर्षांच्या तरुणाने राज्यातील सर्वांत मोठे पद सोडले आणि पुन्हा कधीही सत्तेच्या मागे लागला नाही. आपल्याकडे खुर्ची गेली की माणूस खचतो, लोकांना तोंड दाखवणे टाळतो. नवाबांपुढे आता चौतीस-पस्तीस वर्षांचे आयुष्य होते, हाती पैसा होता आणि काम काहीच नव्हते. अशा अवस्थेत कितीतरी धनिकपुत्र वाया गेलेले आपण पाहतो. नवाबांनी आपल्यासाठी स्वतःच काम शोधले आणि ते मरेपर्यंत सोडले नाही.

त्यांनी लग्न केले नाही. दिवाण देवडी या वडिलोपार्जित वाड्यात त्यांचा मुक्काम असे. विद्वान, कवी, कारागीर आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी यांची तेथे सतत ये-जा चाले. दखनी भाषेतील जुनी हस्तलिखिते छापून प्रसिद्ध करण्याच्या कामाला त्यांनी आर्थिक साह्य केले. परदेशातील व्यापाऱ्यांकडून वस्तूंच्या याद्या येत. नवाब त्या वाचून मागणी नोंदवत. युरोपात आणि मध्यपूर्वेत ते स्वतः जाऊनही खरेदी करीत. असे करता करता चाळीस हजारांहून अधिक कलावस्तू आणि त्याखेरीज हजारो ग्रंथ व हस्तलिखिते देवडीत जमली.

एका शतकाच्या बंदुका

जुनी बंदूक जपावयाची कशासाठी, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. ती आता चालत नाही, चालली तरी चालवावयाची नाही. मग तिच्यात पाहण्यासारखे काय आहे? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात दडलेले आहे. त्या एका शतकात बंदूक जितकी बदलली, तितकी आधीच्या तीनशे वर्षांत बदलली नव्हती.

शतकाच्या आरंभी आपल्या देशात तोड्याची बंदूक सर्रास वापरात होती. लांबलचक नळी, बारीक दस्ता, आणि नळी लाकडाला पट्ट्यांनी बांधलेली. जळती जामगी एका वाकड्या पकडीत धरलेली असे. चाप ओढला की ती पकड खाली येऊन कानातील रंजक पेटवी आणि मग नळीतील दारू उडे. पाऊस आला की जामगी विझे आणि रात्री जामगीचा निखारा शत्रूला दुरून दिसे. दुसरी होती चकमकीची बंदूक. तिच्या घोड्यात गारगोटी बसवलेली असे. ती पोलादावर आपटून ठिणगी पडे. कंपनी सरकारच्या फौजेत आणि मराठ्यांच्या कवायती पलटणींत ही बंदूक असे.

१८०७ साली स्कॉटलंडमधील फोरसिथ नावाच्या पाद्र्याने वेगळीच युक्ती शोधून तिचे पेटंट घेतले. पाद्रीबुवांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीचा भडका आधी दिसतो आणि बार नंतर उडतो, तेवढ्यात पाखरू उडून जाते, ही त्यांची अडचण. आघाताने पेटणारे रसायन वापरून त्यांनी तो भडकाच काढून टाकला. त्यातून पुढे तांब्याची छोटी टोपी आली आणि टोपीची बंदूक जन्मली. पाखरांसाठी काढलेली युक्ती थोड्याच वर्षांत माणसांच्या लढाईत आली.

त्यानंतर नळीच्या आतून पीळदार आटे पाडण्याची पद्धत सर्वत्र पसरली. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि नेम लांबवर लागतो. १८५३ सालची एन्फिल्ड रायफल या प्रकारची होती. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली काय घडले ते आपण इतिहासात शिकतोच. त्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या आणि गोऱ्या शिपायांच्या हाती रायफली ठेवल्या. म्हणजे त्या काळातील दोन बंदुका शेजारी ठेवून नळीत डोकावले, तरी राज्यकर्त्यांच्या मनात काय भीती होती ते कळते. एखादे पुस्तकही इतक्या थोडक्यात ते सांगू शकणार नाही.

१८६६ नंतर स्नायडर आणि १८७१ पासून मार्टिनी-हेन्री या मागच्या बाजूने काडतूस भरावयाच्या रायफली इंग्रज फौजेत आल्या. गज घेऊन तोंडातून दारू ठासण्याचे दिवस संपले. शतक संपता संपता धूर न होणारी दारू आणि एकामागून एक गोळ्या सोडणारी पेटी आली. आजोबा जन्मले तेव्हा जामगी होती आणि नातू जन्मला तेव्हा हे सारे येऊन चुकले होते. या दोन पिढ्यांत हजारो जुनी हत्यारे निरुपयोगी ठरली आणि लोहाराच्या भट्टीत गेली. भट्टीतून जी वाचली, ती कोणीतरी मुद्दाम बाजूला ठेवली म्हणूनच वाचली.

अंबडच्या मुलांसाठी एक गोष्ट

येथे आपल्या अंबडचा संबंध येतो. जुन्या काळी प्रत्येक बंदूक एकेका कारागिराच्या हातची असे. एकीचा घोडा दुसरीला बसत नसे. मोडली तर त्याच कारागिराकडे न्यावी लागे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील शस्त्रांच्या कारखान्यांनी यंत्रांवर आणि मापांवर भर देऊन सर्व भाग एकसारखे घडवण्याची पद्धत वाढवली. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकन बंदुका आणि कोल्टची रिव्हॉल्व्हरे मांडली गेली. ती पाहून इंग्रज चकित झाले. पुढे एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी अमेरिकेहून यंत्रे मागवण्यात आली आणि तेथेही कोणत्याही बंदुकीचा भाग कोणत्याही दुसऱ्या बंदुकीला बसू लागला.

हीच पद्धत पुढे शिलाई यंत्रे, सायकली आणि मोटारी यांच्या कारखान्यांत गेली. आज अंबड-सातपूरच्या कारखान्यात आपला एखादा मुलगा गेज लावून भाग तपासतो, मापात बसला तर पुढे सरकवतो आणि नाही तर बाजूला टाकतो. त्याच्या या कामाची वंशावळ शोधत गेले तर ती त्या जुन्या बंदुकांच्या कारखान्यांपर्यंत पोहोचते.

आपल्या दख्खनचा वाटाही यात लहान नव्हता. निजामाच्या राज्यात कोनसमुद्रम या गावी मुशीत वितळवून जे पोलाद तयार होई, त्याची ख्याती इराणपर्यंत होती. त्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी उमटे, तिला जौहर म्हणत. हैदराबादेत रेमंड या फ्रेंच सेनानीच्या देखरेखीखाली अठराव्या शतकाच्या अखेरीस तोफा ओतल्या जात होत्या आणि त्या जागेला आजही तोफांचा साचा म्हणून ओळखतात. ही विद्या आपल्याकडे होती, परंतु ती घराण्याघराण्यांत कोंडून राहिली. मापे कागदावर उतरली नाहीत, पुढच्या पिढीला शाळेत शिकवली गेली नाहीत. भट्ट्या विझल्या, तशी विद्याही विझली. शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिण्याचे कारण हेच आहे.

खरे किती, सांगोवांगीचे किती

सालारजंग संग्रहालयाच्या शस्त्र दालनात औरंगजेब, टिपू सुलतान, महंमदशाह, बहादूरशाह अशा नावांशी जोडलेली शस्त्रे आहेत. थोर नाव ऐकले की आपण हरखून जातो. परंतु जुन्या वस्तूंच्या व्यवहारात नावाला फार सांभाळावे लागते, कारण नावाने किंमत वाढते. साधी तलवार शंभर रुपयांना जाते आणि बादशहाची म्हटली की तिलाच हजार मिळतात. म्हणून विकणारा नाव चिकटवतो आणि घेणाराही आनंदाने ते मानून घेतो.

बंदुकीच्या बाबतीत आणखी एक घोटाळा असतो. चांगली नळी कोणी टाकून देत नसे. आजोबांच्या बंदुकीची नळी काढून नातवाच्या नव्या दस्त्यावर चढवीत. चकमकीची बंदूक असली तर गारगोटीचा घोडा काढून टोपीचा बसवीत. त्यामुळे एकाच बंदुकीत तीन काळ नांदत असतात. तपासणारा माणूस आधी नळी पाहतो, मग घोडा, मग लाकूड. इंग्रजी बंदुकीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणी गृहाचा शिक्का सापडतो. आपल्याकडच्या बंदुकीवर कधी फारसी अक्षरांत नाव आणि हिजरी सन कोरलेला असतो. नळीवर हिजरी १२५० असेल तर ती इसवी सन १८३४-३५ च्या सुमाराची झाली. मग तीच बंदूक टिपू सुलतानाची आहे असे कोणी सांगू लागला, तर आपल्या सातवीच्या मुलालाही ते खोटे पाडता येईल. टिपू सुलतान १७९९ सालीच शहीद झाले होते.

हा विवेक फक्त बंदुकांपुरता नाही. आपल्या घराण्याच्या, आपल्या गावाच्या आणि आपल्या पूर्वजांच्या ज्या कथा आपण सांगतो, त्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. पूर्वजांची थोरवी सिद्ध करण्यासाठी खोट्या नावाची गरज पडू नये. एखादी साधी, बिननावाची, पण खरी वस्तू खोट्या बादशाही वस्तूपेक्षा अधिक मोलाची असते, कारण ती काहीतरी खरे शिकवते.

पैसा कोणाचा?

येथे एक प्रश्न मनात येणे साहजिक आहे. हे सारे घ्यायला पैसा कोठून आला? नवाबांनी तो मजुरी करून मिळवला नव्हता. जहागिरीतील गावांचा शेतसारा त्यांच्याकडे येत असे. अजिंठ्याच्या परिसरातील कुणब्याने पिकवलेल्या कापसातून आणि ज्वारीतून आलेला पैसा लंडन-पॅरिसच्या दुकानांत पोहोचत असे. त्या पैशातून गावोगावी शाळा आणि दवाखाने निघाले असते तर अधिक बरे झाले असते, असे म्हणणाऱ्याला चूक ठरवता येणार नाही.

नवाबांच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की त्या काळातील अनेक धनवंतांनी असाच आलेला पैसा नाचगाण्यांत, जुगारात आणि भाऊबंदकीच्या खटल्यांत उडवला आणि मागे काहीच ठेवले नाही. यांनी मागे जे ठेवले ते आज कोणीही तिकीट काढून पाहू शकतो. ज्या रयतेच्या घामातून तो संग्रह उभा राहिला, त्या रयतेची नातवंडे आज शाळेच्या सहलीतून जाऊन तो पाहतात. हिशेब पुरा फिटला असे नाही, पण काही अंशी तरी परतफेड झाली.

वारस नसलेला संग्रह

ही परतफेड मात्र आपोआप झालेली नाही. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. साडेपाच महिन्यांनी, २ मार्च १९४९ रोजी, नवाबांचे निधन झाले. वय साठीच्या आत. बायकोमुले नव्हती. त्याच वर्षी जहागिऱ्याही रद्द झाल्या. देवडीच्या खोल्याखोल्यांत हजारो वस्तू होत्या, पण त्यांचा धनी उरला नव्हता.

संग्राहकाच्या मृत्यूनंतरची पहिली काही वर्षे संग्रहाला सर्वांत धोक्याची असतात. वारसांचे हक्क निघतात, वाटण्या होतात, व्यापारी दाराशी येऊन बसतात. तलवार एका नातलगाकडे, म्यान दुसऱ्याकडे, बंदूक एका शहरात आणि तिचे बारूददान दुसऱ्या देशात, अशी दशा होते. एकदा पांगलेला संग्रह पुन्हा कधी जमत नाही.

सरकारने मालमत्तेसाठी समिती नेमली. वस्तू मांडण्याचे काम जेम्स कझिन्स या आयरिश कवी व कलासमीक्षकाकडे सोपवण्यात आले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तरीही मालकीचा प्रश्न लोंबकळत होताच. अखेर १९५८ सालच्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयात तडजोड झाली आणि नवाबांच्या नातलगांनी हा संग्रह भारत सरकारच्या स्वाधीन केला. १९६१ साली संसदेने कायदा करून संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. १९६८ साली मुसी नदीच्या काठी बांधलेल्या नव्या इमारतीत संग्रह हलवण्यात आला. पुढे जोडलेल्या दोन इमारतींना नवाबांच्या आजोबांचे आणि वडिलांचे नाव देण्यात आले.

त्या नातलगांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. वाटणी मागितली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला मोठी रक्कम आली असती. त्यांनी हक्क सोडला म्हणून संग्रह एकत्र राहिला. गोळा करणाऱ्याचे नाव दारावर लागते, सोडून देणाऱ्याचे लागत नाही. परंतु या चरित्राचा शेवट गोड झाला तो सोडून देणाऱ्यांमुळे.

आपल्या घरात काय आहे?

पालक बंधू-भगिनींनो, आपण नवाब नाही आणि आपल्याकडे देवडीही नाही. तरी आपल्या ट्रंकांत आणि माळ्यांवर काही ना काही असतेच. पणजोबांच्या हातची जुनी किताब, मोडी किंवा फारसी लिपीतील एखादा कागद, गंजलेली तलवार, आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक. घर पाडून नवे बांधताना हे सारे भंगारवाल्याच्या तराजूत किलोच्या भावाने जाते. विकण्यापूर्वी निदान जाणत्या माणसाला दाखवावे. कोणाची वस्तू, कोठून आली, कोणी सांगितले, हे एका वहीत लिहून ठेवावे. वस्तू पुढे गेली तरी वही राहील.

बंदुकीबाबत मात्र दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे जुनी बंदूक रिकामी आहे असे कधीही गृहीत धरू नये. ठासणीच्या बंदुकीत पन्नास-शंभर वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला असू शकतो. मुलांच्या हाती ती खेळायला देऊ नये, साफ करण्याच्या निमित्ताने विस्तवाजवळ नेऊ नये. दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुरातन वस्तू म्हणून सवलत आहे, पण दुरुस्त करूनही जी उडणार नाही अशाच हत्याराला ती मिळते. हा निर्णय आपण घरी बसून करावयाचा नाही. पोलीस ठाण्यात माहिती देऊन रीतसर करून घ्यावा. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी पाठवणे गुन्हा ठरते, हेही लक्षात असू द्यावे.

आणि गंज दिसला म्हणून पॉलिश कागदाने घासू नये. घासल्याने लोखंड चकचकीत होते खरे, पण त्याबरोबर कारागिराचा शिक्का, कोरलेले नाव आणि सन हे सारे निघून जाते. चकचकीत पण मुकी वस्तू हाती राहते.

विद्यार्थी मित्रांनो, हैदराबादला जाण्याचा योग आला तर घड्याळापाशी अवश्य थांबा, पण तेथून पुढे शस्त्र दालनात जा. काचेमागे ठेवलेल्या एखाद्या बंदुकीसमोर पाच मिनिटे उभे राहा. तिची नळी कोणी घडवली असेल, आटे आहेत की नाहीत, घोडा मूळचा आहे की मागाहून बसवलेला, सन कोठे कोरला आहे, हे शोधा. कोणे एके काळी हिच्यापुढे उभे राहण्याची कोणाची छाती नव्हती. आज शाळकरी पोरे वही घेऊन तिच्यासमोर उभी राहतात आणि ती त्यांना इतिहास आणि यंत्रविद्या शिकवते.

ज्या नवाबांना वडिलांचा सहवास लाभला नाही, दिवाणपद टिकले नाही आणि पुढे वंश चालला नाही, त्यांनी मागे ठेवलेली ही शाळा आजही भरते आहे.